सोसण्याचे माप

दिवाळीच्या आधीचे चार दिवस आमच्या परसात वहिनींचे राज्य असते. गॅसची शेगडी घरात येऊन वीस वर्षे होऊन गेली, तरी करंज्या आणि अनारसे त्या परसातल्या चुलीवरच तळतात. शेगडीच्या आचेला जीव नसतो, असे त्यांचे ठाम मत आहे. केरा नदीकडून येणारी गार झुळूक, चुलीचा धूर, तळणाचा खमंग वास आणि धुराने डोळे बारीक करून बसलेल्या वहिनी, हे चित्र मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिले आहे की, ‘दिवाळी’ हा विषय मुलांना देऊन फळ्याकडे वळलो म्हणजे माझा हात आपोआप तेच काढू लागतो.

मी पाटणला शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकच्या पुढे मी कॉलेजची पायरी चढलो नाही. मी चित्रकला शिकलो, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन लावून घेतले. या दोन्ही गोष्टी मला करता आल्या त्या वहिनींमुळे. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. थोरले बंधू मुंबईला माथाडी कामगार, ते गावी यायचे वर्षातून दोनदा, गणपतीला आणि यात्रेला. त्याच वर्षी एकोणीस वर्षांच्या वहिनी आमच्या घरी आल्या, आणि आल्या दिवसापासून एका दिराची आई झाल्या. दोन म्हशींचे दूध घालून त्यांनी माझी फी भरली, रंगपेट्या आणल्या. त्यांच्या तोंडून कधी ‘दमले’ हा शब्द मी ऐकला नव्हता.

माझी एक कादंबरी त्यांच्यावरच आहे. त्यातली नायिका जन्मभर सोसते, आणि शेवटच्या प्रकरणात, कुणालाही न सांगता, हू की चू न करता डोळे मिटते. ते प्रकरण वाचून रडल्याची पत्रे मला अजून येतात. एका बाईंनी लिहिले होते, ‘अशा स्त्रिया आहेत म्हणून घरे उभी आहेत.’ ते पत्र मी बरेच दिवस पाकिटात घालून मिरवीत होतो.

गेल्या दिवाळीत त्या पत्राची मला लाज वाटली. ती हकीगत सांगण्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

वसुबारसेच्या दिवशी मी सहज परसात गेलो, तर वहिनींच्या एका हातात झारा होता आणि दुसऱ्या हाताने त्यांनी चुलीशेजारचा खांब घट्ट धरला होता. कपाळावर घामाचे थेंब होते. मी विचारले, तेव्हा झटकन खांब सोडून त्या हसल्या. “काय न्हाई भाऊजी, पित्त खवळलंय. आमसुलाचं पानी घेतलं की उतरंल.”

हे ‘पित्त’ आमच्या घरात वर्षभर मुक्कामाला होते. लग्नाच्या पंगतीत जेवून आल्या की पित्त, सणाचे तळण झाले की पित्त. उजव्या खांद्याच्या मागे फऱ्यात कळ यायची, तिला ‘घागर उचलताना भरलेली उसण’ असे नाव मिळाले होते. आपल्या मराठीत ‘पित्त’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की, छातीत जळजळले, मळमळले, डोके उठले, अंगावर गांधी आल्या, सगळ्याला तो पुरतो. एकदा पित्त म्हटले की ऐकणाऱ्याची काळजी मिटते आणि सांगणाऱ्याचे बोलणे संपते. मीही वर्षभर तो शब्द ऐकून समाधानाने मान डोलावीत होतो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपासून वहिनींना पाठ टेकवेना. पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटून झाले. मी दवाखान्यात चला म्हणालो, तर “ऐन लक्ष्मीच्या दिशी घरातली बाई दवाखान्यात?” म्हणून त्यांनी मलाच गप्प केले. मध्यरात्रीच्या सुमारास त्यांनी हाक मारली. चेहरा एकदम निवला होता. “झालं बघा, उतरलं. झोपा आता,” त्या म्हणाल्या. मला हायसे वाटले. देवीला हात जोडून मी आडवा झालो, आणि इतका गाढ झोपलो की पहाटेचे फटाकेसुद्धा ऐकू आले नाहीत.

सकाळी वहिनी अंथरुणात थंडीने कुडकुडत होत्या. अंग तापाने फणफणत होते आणि पोट पाटासारखे ताठ झाले होते. गावातल्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. “आत्ताच्या आत्ता कराड गाठा,” एवढेच ते म्हणाले. पाडव्याच्या सकाळी, दारोदारच्या रांगोळ्या चुकवीत, आमची गाडी कराडच्या रस्त्याला लागली.

तिथल्या सर्जनबाई वयाने माझ्याहून लहान होत्या. सोनोग्राफी पाहून त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर मला आकृती काढून दाखवली. यकृताच्या खाली चिकटलेली, लांबट वांग्यासारखी एक पिशवी असते, तेच पित्ताशय. यकृत दिवसभर जो पाचक रस तयार करते, त्यातला थोडा तिथे साठून दाट होतो. तेलकट-तुपकट पोटात गेले की पिशवी आवळते आणि तो रस आतड्यात सोडते. आपण बोलताना ज्याला पित्त म्हणतो ती पोटातल्या आम्लाची जळजळ असते. तिचा या पिशवीशी संबंध नाही. पिशवीत खडे झाले आणि एखादा तिच्या तोंडाशी अडकला, तर ती आवळते, पण रिकामी होत नाही. मग कळा येतात. खडा हललाच नाही तर पिशवी सुजते, तिच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो, भिंत कुजते आणि फुटते.

“रात्री मधेच दुखायचं थांबलं होतं का?” त्यांनी विचारले.

“हो, मध्यरात्री. आम्हाला वाटलं, बरं झालं.”

“बहुधा तेव्हाच फुटलं असावं. फुटलं की आतला ताण जातो. कधी कधी थोडा वेळ रोग्याला आराम वाटतो. मग ते पित्त पोटात पसरतं.”

मी काही बोललो नाही. ज्या घटकेला मी देवीला हात जोडले, ती घटका माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

पुढे त्या म्हणाल्या, “दुर्बिणीने सुरू करते. पण आत सगळं चिकटलेलं असेल आणि नळ्या नीट दिसल्या नाहीत, तर मी हट्ट करणार नाही. सरळ पोट उघडेन. तेव्हा छोट्या छेदाचं बोलले होते आणि मोठा का केला, असं म्हणू नका.” मी सही केली. मुंबईहून निघालेले बंधू अजून वाटेतच होते.

शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या बाकावर माणसाला नको ते सगळे आठवते. मला बंधूंच्या टोळीतला एक माथाडी आठवला. त्याच्या उजव्या बरगडीखाली वीतभर लांब व्रण होता. पित्ताशय काढल्यानंतर कित्येक महिने त्याला पोते उचलता आले नाही, आणि पोते उचलणे हीच त्याची रोजी होती. गावी आला की सदरा वर करून तो व्रण आम्हा पोरांना दाखवायचा. आम्ही भीतीने आणि आदराने पाहात राहायचो. एवढा मोठा वार झेललेला माणूस!

त्या काळी सर्जन मंडळीतही असाच एक समज होता. जेवढा मोठा सर्जन तेवढा मोठा छेद, असे म्हणत. त्याला कारणही होते. पोट उघडल्याशिवाय आतले दिसणार कसे? बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली जगातले पहिले पित्ताशय काढले, ते पोट उघडूनच. पुढची शंभर वर्षे तीच वाट राहिली. १९८५ साली जर्मनीतल्याच एरिख म्यूहे या सर्जनाने लहान छिद्रातून दुर्बीण घालून पित्ताशय काढले, आणि दुसऱ्या वर्षी सर्जनांच्या सभेत ते सांगितले, तेव्हा त्याच्या वाट्याला कौतुकापेक्षा अविश्वासच आला. एवढ्याशा भोकातून एवढे मोठे काम होते, हे थोरामोठ्यांच्या गळी उतरेना. त्याच सभेने त्याचा सन्मान केला, पण त्याला १९९२ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे हे काम पहिल्यांदा झाले ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० साली. ते करणारे डॉ. तेहेमटन उदवाडिया त्याच्याही आधी, १९७२ पासून, तिथे दुर्बिणीने रोग्याच्या पोटात डोकावून निदान करीत होते. २०१७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, २०२३ साली ते गेले. मला या गोष्टीतले विशेष वाटते ते ठिकाणाचे. जे. जे. हे सरकारी रुग्णालय, गोरगरिबांचे. लहान जखमेची खरी किंमत तिथेच कळते. श्रीमंताला व्रण लहान राहिल्याचा आनंद असेल, पण हातावर पोट असलेल्याला लहान जखम म्हणजे लवकर मिळणारी मजुरी. बंधूंचा तो सोबती काही वर्षे उशिरा आजारी पडला असता, तर त्याची मुले एवढी उपाशी राहिली नसती. मात्र आम्हा पोरांना दाखवायला त्याच्याजवळ व्रण उरला नसता.

दोन तासांनी सर्जनबाई बाहेर आल्या. काम दुर्बिणीनेच झाले होते. बेंबीपाशी एक आणि वर तीन, अशी चार छिद्रे. पोटात वायू भरून ते तंबूसारखे वर उचलायचे, एका छिद्रातून दुर्बीण, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारे. सांडलेले पित्त शोषून घेतले, आत पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले, आणि उरलेसुरले वाहून जावे म्हणून एक नळी ठेवली. “आठ महिन्यांपूर्वी आल्या असत्या,” त्या म्हणाल्या, “तर दुसऱ्या दिवशी चालत घरी गेल्या असत्या.”

तिसऱ्या दिवशी वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या. मी न राहवून विचारले, “वहिनी, वर्षभर एवढं दुखत होतं, मला एका शब्दानं का नाही सांगितलंत?”

त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहात होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या पुस्तकातली बाई मरूस्तवर कण्हत न्हाई. समद्या बाया म्हनत्यात, ती म्हंजे तूच. मग मी कण्हले असते तर तुमचं पुस्तक खोटं न्हाई का पडलं?”

त्या थट्टेने बोलल्या की मनापासून, हे मला अजून कळलेले नाही. बहुधा दोन्ही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. सोशिकपणा हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून शिकतो आणि शिकवतो. तो खरोखर सद्गुण आहे काय?

तो नाहीच, असे म्हणायला माझी जीभ उचलत नाही. वहिनींचा जन्म १९६७ सालचा. त्या महिन्याभराच्या असतील नसतील, तोच ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यांच्या आईने तान्ह्या मुलीला पदराखाली घेऊन उघड्यावर, डिसेंबरच्या थंडीत रात्री काढल्या. त्या माउलीने सोसले नसते तर वहिनी आज नसत्या. आमची आजी पोटशुळाने गेली. त्या काळी या खोऱ्यातून मोठे दुखणे घेऊन जायचे ते मिरजेला, डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या मिशन हॉस्पिटलात. वाट लांब, पावसाळ्यात नद्या भरलेल्या, गाठीला पैसा नाही. आजीने सोसले, कारण तिच्यापुढे सोसण्यावाचून दुसरे काही नव्हते. लांगेनबुख यांचा तो पहिला रोगीही सोळा वर्षे कळा सोशीत होता, आणि त्या सोळा वर्षांत पित्ताशय काढून टाकण्याचा उपाय जगात कुणी केलेला नव्हता. अशा सोसण्यापुढे मी आजही मान लववीन.

पण वहिनींच्या पुढे काय होते? दारापासून तासाभराच्या वाटेवर कराड होते, सोनोग्राफी होती, चार बारीक छिद्रांचा उपाय होता. आजीचे सोसणे आणि वहिनींचे सोसणे बाहेरून सारखेच दिसते. दोघीही ओठ आवळून कामाला लागल्या. पण आजीचा मार्ग डोंगरांनी आणि नद्यांनी अडवला होता. वहिनींचा मार्ग आम्ही अडवला होता. ‘आम्ही’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. त्यांच्या न बोलण्याचे आम्ही इतके कौतुक केले की, बोलणे म्हणजे पदरचा मान गमावणे, असे त्यांना वाटू लागले.

सोशिकपणाची स्तुती कोण करते, हेही मी आता पाहू लागलो आहे. सोसणारा सहसा करीत नाही. ज्याला वेळेवर गरम भाकरी मिळते, ज्याच्या लिहिण्यात व्यत्यय येत नाही, तो करतो. माझ्या कादंबरीतले ते शेवटचे प्रकरण मी लिहिले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि माझ्या शेजारी चहाचा पेला होता. तो कुणी करून ठेवला होता, हे सांगायला नको.

कुणी म्हणेल, “मास्तर, मग काय प्रत्येकाने उठल्यासुटल्या कण्हत बसावे? संसार अशाने चालेल काय?” हा आक्षेप मला मान्य आहे. काटा रुतला म्हणून गाव गोळा करणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती मलाही आवडत नाहीत. पण दुखणे सांगणे आणि दुखण्याचे भांडवल करणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. पहिलीत आपण दुसऱ्यावर विश्वास टाकतो, दुसरीत त्याला वेठीला धरतो. आणि दुखणे लपवणाराही, नकळत का होईना, घरच्यांवर अन्याय करतो, असे मला वाटते. ज्यांनी मला वाढवले, त्यांच्यासाठी धावून जाण्याचा माझा हक्क होता. वहिनींनी तो मला वर्षभर दिला नाही. अर्थात मी तरी तो कुठे मागितला होता? रोज सकाळी ‘पित्त’ हा शब्द ऐकून सायकलवर टांग मारणारा मीच होतो. विचारणाऱ्याने दुसऱ्यांदा विचारले नाही, तर सांगणाऱ्याने पहिल्यांदा सांगितले काय आणि न सांगितले काय.

ज्या शास्त्राने वहिनींना वाचवले, त्याने एक जुना समज सोडून दिला: मोठी जखम म्हणजे मोठे काम. आपण मात्र मोठे सोसणे म्हणजे मोठे माणूस, हा समज उराशी धरून बसलो आहोत. सर्जनबाईंचे ते वाक्य मला वारंवार आठवते. दिसले नाही तर मी हट्ट करणार नाही. एवढी कुशल बाई, पण आपल्या कौशल्याचा मान राखण्यासाठी रोग्याचा जीव पणाला लावायची तिची तयारी नव्हती. आपल्या सोशिकपणाचा मान राखण्यासाठी वहिनींनी मात्र स्वतःचा जीव पणाला लावला होता, आणि त्या जुगाराला आम्ही सद्गुण म्हणत होतो.

वाटले होते, घरी आल्यावर हे सारे संपेल. पण एक नवीच गंमत झाली. शेजारच्या बायका भेटायला आल्या, त्यांनी पोटावरचे चार टिकल्यांएवढे व्रण पाहिले आणि म्हणाल्या, “एवढंच व्हय? दुर्बिणीचं तर झालंय!” आठव्या दिवशी त्यांतल्याच एकीने हळदीकुंकवाच्या भाकऱ्यांना त्यांना हाक मारली. वहिनी उठूही लागल्या. त्या माथाड्याचा वीतभर व्रण तरी त्याच्या बाजूने बोलत असे. वहिनींच्या टिकल्या काहीच बोलत नव्हत्या. आतून दोन तास धुतलेले पोट, हातापायातले गेलेले बळ, रात्री दचकून उठणे, यातले बाहेर काही दिसत नव्हते. जखम लहान झाली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळे विचारण्याची आमची जबाबदारी वाढली, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला. त्या दिवशी भाकऱ्या बंधूंनी थापल्या. आकार नकाशातल्या कोयना जलाशयासारखे झाले होते, पण खाल्ल्या सगळ्यांनी.

ती कादंबरी आता पुन्हा छापायची आहे. प्रकाशकांचे पत्र येऊन पडले आहे. शेवटचे प्रकरण बदलावे की तसेच ठेवावे, हे ठरत नाही. माझ्या नायिकेला मी एकदा तरी ओरडू द्यायला हवे होते, एवढे मात्र ठरले आहे.

परवा गौरी जेवायच्या दिवशी परसातली चूल पेटली होती. मी पडवीत शाळेच्या वह्या तपासत होतो. परसातून हाक आली, “भाऊजी, आवं भाऊजी!” मी वह्या टाकून धावलो. काळजाचे पाणी झाले होते.

वहिनी पाटावर बसल्या होत्या. कढईत करंज्या तरंगत होत्या. “पाठीला रग लागलीया,” त्या म्हणाल्या. “धरा झारा.”

“पोटात नाही ना दुखत? फऱ्यात? खरं सांगा.”

“पाठीला रग लागलीया म्हनले न्हवं? पाठीला!”

मी झारा धरला. पहिला घाणा कच्चा निघाला, दुसरा करपला. वहिनी खांबाला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या, आणि माझ्या प्रत्येक करंजीला नावे ठेवत होत्या.